स्पीडस्टर रेप्लिकाला कोणता गिअर शिफ्टर घ्यावा? दुसरा टाकताना रिव्हर्स खरडतोय

उंब्रजकर

राम राम मंडळी.

गाडी खरी पोर्शे नाही हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद "कितीला पडली" यावरच जातील. खरी ३५६ स्पीडस्टर १९५४ साली आली. अमेरिकेतले आयातदार मॅक्स हॉफमन यांना इकडच्या लोकांसाठी साधी, स्वस्त, उघडी गाडी हवी होती, आणि तिची किंमत होती २,९९५ डॉलर. आज तिचे जे भाव चालतात त्यात आमच्या उंब्रजची एक अख्खी आळी येईल. माझी फायबरची आहे. खाली १९६६ च्या बीटलची चॅसी, मागे १६०० सीसीचं हवेवर थंड होणारं इंजिन, चार गिअर. ऐंशीच्या दशकात कोणा हौशी माणसाने आपल्या गॅरेजात जोडली, मग तीन-चार हात फिरत सॅक्रामेंटोजवळून माझ्याकडे, कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आली. मुलगी तिला "प्लास्टिकचा बेडूक" म्हणते. सौ. काहीच म्हणत नाही, ते जास्त काळजीचं आहे.

तर दुखणं असं. बीटलमध्ये पहिला डावीकडे पुढे, दुसरा डावीकडे मागे, आणि रिव्हर्स त्याही पलीकडे डावीकडे मागे. दांडी खाली दाबल्याशिवाय रिव्हर्सकडे जाऊच नये अशी मूळ व्यवस्था आहे. माझी दांडी न दाबताच जाते. चारदा दुसरा टाकला तर एकदा खर्रर्र. गेल्या रविवारी स्कायलाइन रस्त्यावर अ‍ॅलिसेस रेस्टॉरंटच्या चौकात सिग्नल नसलेला थांबा आहे. तिथून निघालो, दुसरा टाकला, आणि बाहेर कॉफी पीत बसलेले तीसेक मोटरसायकलवाले एकदम माझ्याकडे वळून बघायला लागले. एकाने तर कपाळावर हात मारला.

टेप लावून मोजलं. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मूठ १८ सेंटीमीटर प्रवास करते. न्यूट्रलमध्ये दांडी डावी-उजवी हलवली की कुठे काही टेकतच नाही, वरणात डाव फिरवावा तशी फिरते.

आठवडाभर रात्री जागून शोधलं आणि तीन पर्याय उरले:

एक, एम्पी कंपनीचा ट्रिगरवाला, वर टी आकाराची मूठ. खटका ओढल्याशिवाय रिव्हर्स नाही. शंभर डॉलरच्या आतबाहेर मिळतो. पण ती मूठ बघून ड्रॅग रेसची गाडी वाटते, आणि माझ्या बेडकाला तो मुखवटा शोभेल असं वाटत नाही.

दुसरा जीन बर्गचा. लोखंडी, दणकट, रिव्हर्सला अडसर. सगळे म्हणतात एकदा घ्या आणि विसरा. किंमत बघून मी आधी खुर्चीत बसलो.

तिसरा व्हिंटेज स्पीडचा, तैवानचा. बाहेरून मूळच्या दांडीसारखाच दिसतो, आतून प्रवास कमी. मन याच्यावर आहे.

उंची पाच फूट अकरा, आसन पूर्ण मागे, तरी उजवा गुडघा दांडीच्या जवळच असतो. शनिवार-रविवार चालवायची, शर्यत वगैरे काही नाही. कोणता घेऊ?

दापोडी_वर्कशॉप

एकही घेऊ नका.

थांबा, रागावू नका. मी एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत अठ्ठावीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. बीटल मी आयुष्यात दोनच उघडल्या, त्याही एका पारशी गृहस्थांच्या. पण गिअरची दांडी लांब, गिअरबॉक्स दूर आणि मध्ये रॉड, हे गणित बसमध्येही तेच असतं.

तुम्ही हातात धरता ती दांडी म्हणजे पहार. खाली गोळा आहे तो टेकू. समजा टेकूच्या वर ३० सेंटीमीटर आणि खाली ६. म्हणजे पाचास एक. शॉर्ट शिफ्टरवाला, म्हणजे मुठीचा प्रवास कमी करून देणारा, काय करतो, टेकू वर उचलतो. वर २८ राहिले, खाली ८ झाले. साडेतीनास एक. मुठीचा प्रवास तीस टक्के घटला, खरं. पण हाताला जोर जवळपास त्रेचाळीस टक्के जास्त लागणार. फुकट काही मिळत नाही.

आता तुमचं खरं दुखणं बघा. समजा रॉडच्या जोडात कुठेतरी ५ मिलिमीटरची ढिलाई आहे. जुन्या दांडीने ती मुठीपाशी २५ मिलिमीटर दिसते. नवीन घातल्यावर साडेसतरा दिसेल. तुम्ही म्हणाल, वा, फरक पडला. पण प्रवासही त्याच हिशोबाने घटलाय. ढिलाईचं प्रवासाशी प्रमाण होतं तेवढंच आहे. उलट गिअर आता जवळजवळ आलेत, म्हणजे चुकायला जागा कमी लागते.

म्हणून आधी हे करा. दोन माणसं लागतील. चाकांना अडण लावा, इंजिन बंद, मागच्या सीटखालचं झाकण काढा. तुमच्यात सीटच्या मागे असेल. आत रॉड आणि गिअरबॉक्समधून आलेली दांडी यांना जोडणारा कपलर दिसेल. त्याला चौकोनी डोक्याचे स्क्रू असतात, टोकाला निमुळते, आणि तारेने बांधलेले असायला हवेत. एकाने पुढे दांडी हळू हलवायची, दुसऱ्याने कपलरवर बोट ठेवायचं.

दांडी हलतेय आणि रॉड हलत नाही, तर दोष पुढे: गोळा, त्याची स्प्रिंग, किंवा टनेलमधली (चॅसीच्या मधल्या पोकळ कण्यातली) रॉडची बुश, म्हणजे रॉडला जागेवर धरणारं कडं. रॉड हलतोय आणि त्याच्या मागचा तुकडा उशिरा हलतोय, तर कपलर गेला. दोन्ही बरोबर हलतायत आणि तरी गिअर सापडत नाही, तर मग पुढचं बोलू.

बुश दोन-चार डॉलरची वस्तू आहे. पन्नास वर्षांत ती राहिली असेल तर मला नवल वाटेल.

हिरवी_बीटल

काकांना पूर्ण अनुमोदन. मी सॅन डिएगोत १९६७ ची बीटल रोज चालवते, रोज म्हणजे ऑफिसला आणि भाजीला. बुश बदलली तेव्हा जुनी बुश मला सापडलीच नाही. सापडले ते तिचे तीन तुकडे आणि एक तारेचं कडं, टनेलच्या तळाला. रॉड इतकी वर्षं नुसता पत्र्याच्या भोकात डुलत होता.

काकांच्या यादीत एक भर. गिअरबॉक्सचा पुढचा रबरी माउंट बघा. तो फाटला असेल तर ॲक्सिलरेटर दाबला की गिअरबॉक्सचं नाक उचललं जातं, आणि रॉड जागेवरच राहिल्यामुळे गिअर सुटतो किंवा अर्धाच लागतो. क्लच सोडताना गाडी थरथरत असेल तर संशय घ्या.

आणि दांडीखालची स्टॉप प्लेट. रिव्हर्सला अडवणारी खरी वस्तू तीच. तिची उभी कड झिजून गोल झालेली असते. माझ्याकडे तर कोणीतरी ती उलटी बसवली होती.

शिफ्टरबद्दल विचारलंच आहे तर: ट्रिगरवाला मी दोन वर्षं वापरला. टी मुठीला हात छान बसतो, पण उन्हात उभी केली की सॅन डिएगोत ऑगस्टमध्ये ती क्रोमची मूठ तव्यासारखी होते. उघड्या गाडीत तुम्हालाही तेच होणार. शेवटी मी परत मूळच्या दांडीवर आले. तिचा प्रवास लांब आहे, पण मला ती लांबी आवडते. गाडी तशीच आहे, घाई नसलेली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: त्या टनेलमधून पेट्रोलची नळी जाते. पुढचेमागचे बोल्ट काढून आत काहीही खुपसण्याआधी ते लक्षात ठेवा. तिथे वेल्डिंग तर स्वप्नातही नको.

पौडफाटा

वाचून जळलो. इथे पुण्यात असली गाडी जोडली तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ घेऊन आरटीओ दारात. असल्या गाडीत चॅसी कापून एक फूट कमी करतात म्हटल्यावर तो साहेब चहासुद्धा घेणार नाही.

अवांतर: लहानपणी आमच्या घरी स्टिअरिंगवर गिअर असलेली जुनी गाडी होती. कात्रजच्या घाटात हमखास गिअर अडकायचा. मग वडील खाली उतरून बॉनेट उघडायचे, दोन सळ्या हाताने सोडवायचे आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने परत बसायचे. आई प्रत्येक वेळी "देवी पावली" म्हणायची. दापोडीकाका म्हणतात ते पटतं. दोष कधीच हातातल्या दांडीचा नव्हता.

फोटू टाका राव गाडीचा.

उंब्रजकर

@पौडफाटा, फोटो टाकतो, आधी धुतो.

काका, ताई, शनिवारी सकाळी उघडली. मुलगी पुढे दांडीवर, मी मागे पालथा, गळ्यात टॉर्च. (ती दर हलवण्याला मोठ्याने "पहिला! दुसरा! वरण!" असं ओरडत होती. मी तो शब्द घरात बोलायला नको होता.)

सापडलं ते असं. पुढची बुश नव्हतीच. ताई, तुम्हाला तीन तुकडे मिळाले, मला तेही नाहीत. कपलरचा एक स्क्रू तारेविना, बोटाने फिरत होता. स्टॉप प्लेटची कड चमच्यासारखी गुळगुळीत. माउंट मात्र ठीक दिसतोय, कुठे भेग नाही.

बुश, कपलर, प्लेट, दांडीखालची स्प्रिंग असं सगळं मागवलं. चाळीस डॉलरच्या आत झालं. बुधवारी आलं, काल बसवलं. बुश दांडीच्या भोकातूनच आत सरकवली. तिला ग्रीस फासून रॉडवर चढवताना मी ज्या शिव्या दिल्या त्या कऱ्हाड तालुक्याबाहेर कोणाला कळणार नाहीत.

आता निकाल. तिसरा-चौथा लोण्यासारखे पडतात. डावी-उजवी ढिलाई जवळजवळ गेली. पण दुसरा! दुसरा आता चारदा नव्हे, दोनदा टाकला की एकदा रिव्हर्सला खरडतो. आधीपेक्षा वाईट! आणि तिसऱ्यासाठी दांडी अगदी उजवीकडे, जवळजवळ शेजारच्या सीटला टेकेपर्यंत न्यावी लागते. प्लेट मागेपुढे, तिरकी, सगळी सरकवून झाली. बोल्टांच्या १३ नंबरच्या पान्याने हाताला फोड आलेत.

आता तरी अडसर असलेला शिफ्टर घ्यावा का? रिव्हर्सचं दार बंद केलं की दांडी दुसऱ्यातच जाईल ना?

दापोडी_वर्कशॉप

नाही जाणार. आणि आता तुमचा आजार मला कळला असं वाटतंय.

एक सांगा. चॅसी कापून लहान केलेली आहे ना? बीटलचं पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २४०० मिलिमीटर. ३५६ चं किती?

कोथरूड_ते_कोव्हेंट्री

मी सांगतो: २१००. म्हणजे मधून ३०० मिलिमीटर काढलेले असतात. माझ्याकडेही इथे इंग्लंडमध्ये अशीच एक आहे, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची, म्हणजे गिअर डाव्या हाताने, आणि रिव्हर्स आपल्यापासून लांब ढकलायचा.

काका कुठे चाललेत ते दिसतंय. चॅसी ३०० नी कमी केली तर आतला गिअरचा रॉडही ३०० नी कापून परत जोडावा लागतो. आणि ते काम ज्याने केलं त्याने त्या दिवशी चष्मा लावला होता का, हा खरा प्रश्न.

दापोडी_वर्कशॉप

बरोबर. रॉड दोन कामं करतो. पुढेमागे सरकतो तेव्हा गिअर लागतो. स्वतःभोवती फिरतो तेव्हा कोणत्या ओळीत जायचं ते ठरतं: रिव्हर्सची ओळ, पहिल्या-दुसऱ्याची, तिसऱ्या-चौथ्याची. पुढच्या टोकाला दांडीचा गोळा बसायची वाटी असते, मागच्या टोकाला कपलरच्या स्क्रूसाठी खोलगट खड्डा. या दोघांमधला कोन कारखान्यात पक्का केलेला असतो. रॉड कापला, जोडताना जरा पिळला गेला, की वाटी सरळ असताना मागचं टोक वाकडं.

मग काय होतं? दांडी प्लेटच्या हिशोबाने दुसऱ्याच्या ओळीत असते आणि गिअरबॉक्सच्या हिशोबाने रिव्हर्सच्या उंबऱ्यावर. म्हणूनच तिसऱ्यासाठी तुम्हाला शेजारणीच्या मांडीपर्यंत जावं लागतं.

आता समजलं का शिफ्टर का नको? बर्गचा घ्या, एम्पीचा घ्या, सोन्याचा घ्या. त्याचा अडसर दांडीला अडवतो. इथे दांडी बरोबर जागी आहे. चुकतंय ते तिच्या पुढे, रॉडमध्ये. पहारेकरी दारावर आणि चोर माजघरात.

आणि बुश नवीन घातल्यावर त्रास वाढला कारण आधीची ढिलाई हा पीळ थोडा झाकत होती.

रॉड बाहेर काढा. न कापलेला जुना रॉड मिळाला तर शेजारी ठेवून बघा.

हिरवी_बीटल

रॉड पुढून निघतो. बीटलमध्ये चॅसीच्या नाकावर एक झाकण असतं, ते काढून दोन टॉर्शन ट्यूबच्या (पुढच्या ॲक्सलच्या आडव्या नळ्यांच्या) मधून, आणि पुढच्या पत्र्यात त्यासाठी भोक ठेवलेलं असतं. तुमच्या फायबरच्या बॉडीत ते भोक आहे का ते आधी बघा.

उंब्रजकर

ताई, नाही.

नाकाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने केलेली खूण आहे, गोल, व्यवस्थित. भोक नाही. म्हणजे त्या भल्या माणसाला आठवलं होतं आणि मग बहुतेक जेवणाची वेळ झाली. चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी ती खूण काढली आणि त्यानंतर बॉडी चॅसीवर कायमची बसवून टाकली.

दोन दिवस विचार केला. बॉडी उचलायची की भोक पाडायचं? बॉडी उचलायला सहा माणसं आणि एक वीकेंड लागतो. महाराष्ट्र मंडळातल्या मित्रांना विचारलं, सगळे "येतो ना" म्हणाले. त्याचा अर्थ काय असतो ते आपल्याला माहीत आहे.

भोक पाडलं. बंपरच्या आड येईल अशी जागा आहे, पेन्सिलच्या खुणेवरच. ३२ मिलिमीटरची गोल करवत, ड्रिल हळू, वर चिकटपट्टी लावून, म्हणजे रंगाचे पापुद्रे उडत नाहीत. फायबरची पूड अंगाला लागली की दोन दिवस खाज सुटते, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. मी बनियनवर होतो.

रॉड निघाला. सॅन होजेच्या एका भंगारवाल्याकडून न कापलेला एक २० डॉलरला आणला आणि दोन्ही जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र टाकून शेजारी ठेवले. वाट्या दोन्हीच्या सरळ वर. मागच्या खड्ड्यांत स्क्रू उभे केले आणि त्यांच्या अंगाला फोनमधली पातळी लावली. फरक सात अंश. आणि सांधा? वेल्डचा गोळा सुपारीएवढा, वर काळा रंग.

काका, माझ्यासाठी या क्षणी तुम्ही देव आहात.

लांबीही चुकलेली आहे. न कापलेल्यातून ३०० वजा केले तर माझा सहा मिलिमीटर लांब भरतो. नवीन रॉड ३०० नी कापू का?

दापोडी_वर्कशॉप

देव वगैरे नको, दाखवायला पैसे पडत नाहीत म्हणून दाखवलं.

३०० नी कापू नका. कागदावर ३००. ज्या माणसाने रॉड पिळला त्याने चॅसी मिलिमीटरवर कापली असेल याची खात्री काय? माप गाडीतच घ्यायचं. जुना रॉड परत आत घाला. गिअरबॉक्स न्यूट्रलला. दांडी तुम्हाला हवी तशी उभी करा, गुडघ्याला लागणार नाही अशी. आता कपलरपाशी बघा रॉड किती लांब किंवा आखूड पडतोय, तेवढाच फरक जुन्या रॉडच्या लांबीत धरा. ते माप नवीन रॉडवर घ्या. राहिला एखादा मिलिमीटर तर प्लेटच्या लांबट भोकांत निघेल.

कोनासाठी: कापण्याआधी नवीन रॉडवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ मारा, खिळ्याने कोरून, रंगाने नाही, रंग जळतो. मधला तुकडा काढला की दोन्ही तुकडे एका लोखंडी अँगलच्या खाचेत पालथे टाका, रेघेला रेघ जुळवा, शिकंजे लावा. आधी तीन ठिकाणी टाका घाला, परत तपासा, मग पूर्ण वेल्ड. सांधा घासून रॉडच्या अंगाबरोबर करा, नाहीतर बुशमधून जाताना अडकेल. वेल्डर चांगला बघा.

आणि जुना रॉड फेकू नका. लटकवून ठेवा गॅरेजात.

कोथरूड_ते_कोव्हेंट्री

रेघेची युक्ती लाख मोलाची. मी रेघ न मारता "नजरेने" जुळवला होता. दोनदा कापला. तिसऱ्यांदा कापायला रॉडच उरला नाही.

पौडफाटा

हा धागा मी गिअरसाठी नाही, मालिका म्हणून वाचतोय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

उंब्रजकर

तीन आठवडे गायब होतो, त्याबद्दल क्षमस्व. मध्ये ऑफिसचं एक रिलीज होतं आणि मग गणपती.

रॉड झाला. वेल्डर हेवर्डचा, सत्तरीतला मेक्सिकन गृहस्थ, ट्रकांची कामं करणारा. मी अँगल, शिकंजे आणि कोरलेली रेघ घेऊन गेलो तर त्याने रेघेवरून बोट फिरवलं आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाला. मुलीला शाळेत स्पॅनिश आहे. ती म्हणाली, "बाबा, ते विचारतायत तुला हे कोणी शिकवलं." मी सांगितलं, पुण्याजवळच्या एका बस डेपोतल्या काकांनी. दापोडीला डेपो म्हटलं, काका, चूक झाली, पण कार्यशाळा हा शब्द तिला स्पॅनिशमध्ये येत नव्हता.

बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला शेजारी घेऊन निघालो, फ्रीमाँटहून नाइल्स कॅन्यनमधून सुनोलपर्यंत. मुद्दाम पहिला-दुसरा, पहिला-दुसरा असं चाळीस वेळा केलं. ती मोजत होती. एकदाही खरडला नाही. रिव्हर्स आता दाबल्याशिवाय लागतच नाही, आणि दाबला की पहिल्याच झटक्यात लागतो. तिसरा सरळ पुढे. शेजारची सीट सुरक्षित. मुठीचा प्रवास परत मोजला: साडेसतरा सेंटीमीटर. म्हणजे प्रवास तोच आहे, फक्त आता तो कुठे जातो ते हाताला कळतं.

आता कबुली. मूळचा प्रश्न "कोणता शिफ्टर घेऊ" हा होता आणि मी व्हिंटेज स्पीडचा घेतला. काका, रागवू नका. गरज नव्हती, मान्य. पण गाडी घेतली तीही गरज म्हणून नव्हे. दांडी जरा मागे आणि बुटकी झाली, गुडघा मोकळा झाला, हे कारण मी सौ.ला दिलंय आणि तुम्हालाही तेच देतो. प्रवास घटलाय आणि तुमच्या हिशोबाप्रमाणे जोरही वाढलाय. उन्हाळ्यातल्या दुपारी जाणवत नाही. पहाटे गार तेलात मात्र दुसरा टाकताना हात म्हणतो, "थांब जरा." तेव्हा थांबतो. सिंक्रोला (गिअर लागण्याआधी वेग जुळवणाऱ्या रिंगांना) तेवढा वेळ द्यावाच लागतो, दांडी कितीही आखूड केली तरी त्या रिंगा आपल्या गतीनेच जुळणार. गिअरबॉक्सचं तेल ८०डब्ल्यू-९०, जीएल-४ प्रतीचं घातलंय.

जुनी दांडी तेल लावून कपाटात ठेवली आहे. ताई, उन्हाळ्यात परत तिच्यावर येण्याची शक्यता आहे, कारण काळी बुटकी मूठसुद्धा उन्हात तापतेच.

रविवारी परत अ‍ॅलिसेसला गेलो. तोच चौक, तेच लोक. दुसरा टाकला. कोणी बघितलंसुद्धा नाही.

आता एकच राहिलं. नाकाला पाडलेलं ३२ मिलिमीटरचं भोक. पावसाळा सुरू व्हायच्या आत काहीतरी बसवायला हवं. रबरी बूच कोणत्या मापाचं घेऊ? ३२ चंच की थोडं मोठं?

दापोडी_वर्कशॉप

शिफ्टर घेतलात ते वाचलं. असो.

बूच विकत घेताना भोकाचं माप सांगा, बुचाचं नाही. त्याच्या कडेला खाच असते, ती फायबरच्या जाडीला बसली पाहिजे. पत्र्यासाठीचं बूच फायबरवर बसत नाही, फायबर जाड असतं. जाडी मोजून घ्या. नाही मिळालं तर सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा आतून चिकटवा, कायमचा नको. रॉड परत काढायची वेळ येते.

पौडफाटा

फोटू अजून आला नाही.